धुडकूभाऊ बडगुजरांचं उठमणुं

धुडकूभाऊ बडगुजर जिवंत आहेत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण बमरोलीत अजूनही चार-पाच माणसं अशी आहेत की धुडकूभाऊ समोरून येताना दिसले की ती रस्ता ओलांडून पलीकडे जातात. आणि हे सगळं कशापायी, तर पंधरा मिनिटांच्या एका मीटिंगपायी.

बमरोलीच्या एका साडीच्या खात्यात धुडकूभाऊ बावीस वर्षं सुपरवायझर आहेत. खातं म्हणजे कारखाना, सुरतेत सगळे तसंच म्हणतात. साड्यांना लेस लावायची, दोरे कापायचे, घड्या घालायच्या, खोक्यात भरायच्या. माणसं चाळीस, निम्मी खान्देशातली, बाकीची मराठवाड्यातली. कामाला एक नंबर. दोष एकच, गावाला गेली की परत यायचं विसरतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोका खेळून येते म्हणून गेलेली बाई नवरात्रात उगवते आणि वर धुडकूभाऊंनाच विचारते की माझी खुर्ची कुठे गेली. धुडकूभाऊ ओरडायचे, मग स्वतःच खुर्ची शोधून आणून द्यायचे. बावीस वर्षं असं चाललं होतं आणि चालू राहिलंही असतं, पण मध्येच सेठचा मुलगा शिबिराला गेला.

चेतनभाई तीन दिवस शिबिराला गेले आणि परत आले ते हातात तांब्याची बाटली आणि तोंडात एक शब्द घेऊन. रेझिलियन्स. चेतनभाई बोलतात गुजरातीत, पण आपण ते मराठीतच ऐकू.

"धुडकूभाई, टीम रबरासारखी हवी. ताणली तर ताणली जावी, पण परत जागेवर यावी."

"ताणली जाते, चेतनभाई," धुडकूभाऊ म्हणाले. "परत येत नाही एवढंच."

"म्हणून तर. रोज सकाळी पंधरा मिनिटं मीटिंग. सगळ्यांनी उभं राहून. बसायचं नाही, बसलं की माणूस सुस्तावतो. आणि काहीतरी रिवाज पाहिजे. रोज एकाच वेळी एकच गोष्ट केली की माणसं एकमेकांना धरून राहतात. एक महिना चालवून दाखवा. जमलं तर मॅनेजरची जागा तुमची. नाही जमलं तर वडोदऱ्याहून माझा मावसभाऊ येतोय, एमबीए आहे, तुम्ही त्याच्या हाताखाली राहा."

हे शेवटचं वाक्य चेतनभाई बाटलीचं झाकण लावता लावता बोलले, पण धुडकूभाऊंच्या ते असं जिव्हारी लागलं की दुपारचा डबा त्यांनी तसाच घरी नेला. बावन्नाव्या वर्षी चोवीस वर्षांच्या पोराला 'येस सर' म्हणायचं. त्यातही लेस आणि पट्टी यातला फरक ज्याला सांगावा लागणार, अशा पोराला.

घरी शोभाबाईंनी भरलेला डबा उघडून पाहिला आणि विचारलं, "काय व्हयनं?"

धुडकूभाऊंनी सगळं सांगितलं. शोभाबाई म्हणाल्या, "चाळीस जनेस्ले पंधरा मिनिट उभं ठेवशात? तठे तुम्हनं कोन ऐकस?" आणि वांग्यांना फोडणी द्यायला निघून गेल्या. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली की बायको असा नेमका प्रश्न विचारते आणि उत्तरासाठी थांबतही नाही.

म्हणून धुडकूभाऊ शेजारी गेले. भेस्तानच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या दारात किसनराव राहतात. मूळचे यवतमाळकडचे, तहसील कचेरीतून निवृत्त होऊन मुलाकडे आलेले. सल्ला द्यायला माणूस मिळत नाही म्हणून सुरतेत त्यांची तब्येत खालावली होती. धुडकूभाऊंना दारात पाहून ते उठून बसले.

"मीटिंग अशी नाही होत, भाऊ," किसनराव म्हणाले. "आधी नोटीस लागते. लेखी. त्यावर घेणाऱ्याचं नाव पाहिजे, वेळ पाहिजे, जागा पाहिजे. आणि एक लक्षात ठेवा, साहेब हा लोकांच्या नंतर येते. सगळे जमले की पाच मिनिटांनी जायचं. तीस वर्षं मी तेच पाहून राह्यलो."

नोटीस सेठही वाचणार, तेव्हा ती गुजरातीतच हवी. गुजराती धुडकूभाऊंना येत होतं, म्हणजे त्यांच्या मते फारच चांगलं येत होतं. प्रश्न एका शब्दाचा होता. उभं राहून घ्यायच्या मीटिंगला गुजरातीत म्हणायचं काय? मराठीत बसतात ती बैठक. पण गुजरातीत बेसणुं म्हणजे माणूस गेल्यावर लोक सांत्वनाला येऊन बसतात ते, हे धुडकूभाऊंना पक्कं ठाऊक होतं. बावीस वर्षांत ते कितीतरी बेसण्यांना जाऊन आले होते. दुसरा एखादा अडाणी असता तर त्याने तोच शब्द लिहून स्वतःचं हसं करून घेतलं असतं. धुडकूभाऊंनी विचार केला. बसणं जर मेलेल्यांसाठी असेल, तर त्याच्या उलट उठणं ते जिवंतांसाठी. आणि एकदम त्यांना शब्द सुचला. उठमणुं. हा शब्द आपण कुठेतरी वाचलाय, वर्तमानपत्रात, बहुतेक आतल्या पानावर, एवढं त्यांना आठवत होतं. ओळखीचा वाटला म्हणजे बरोबर असणारच.

ज्यांना गुजराती येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बेसणुं आणि उठमणुं या दोन्ही गोष्टी माणूस गेल्यावरच करतात. उठमण्याला लोक पांढरे कपडे घालून येतात, हात जोडतात आणि जातात. आतल्या पानावर तो शब्द असतो तो त्यामुळेच.

धुडकूभाऊंनी खात्री करून घ्यायची सोडली नाही. मुलगी पल्लवी कॉलेजात, तिचं गुजराती झकास. त्यांनी विचारलं, "उठमणुं, यातला ठ कसा काढतात गं गुजरातीत?" पल्लवीने मोबाइलमधून मान वर न काढता हवेत बोटाने ठ काढून दाखवला. शुद्धलेखनात काडीची चूक राहिली नाही.

आता नोटीस लावायची कुठे, तर खात्याच्या गेटवर. गेट मात्र इंडस्ट्रियल इस्टेटचं. आणि इस्टेटच्या ऑफिसची परवानगी असल्याशिवाय गेटवर कुणी लिंबू-मिरचीदेखील टांगू शकत नाही. धुडकूभाऊ शुक्रवारी सकाळी तिथे गेले. कारकुनाने फॉर्म दिला. प्रसंग: उठमणुं. कोणाचं: धुडकू बडगुजर. अर्जदाराशी नातं: इथे धुडकूभाऊंनी थोडा विचार करून लिहिलं, स्वतः.

कारकुनाने फॉर्म वाचला, चष्मा काढून पुसला, परत वाचला. "हे चालणार नाही," तो म्हणाला. "स्वतःचं स्वतः कुणी करत नाही. दुसऱ्या माणसाची सही आणा."

"पण मीच घेणार आहे ते."

"तुमची हौस मला कळते, पण नियम नाही."

धुडकूभाऊ भेस्तानला परत गेले आणि किसनरावांची सही घेऊन आले. नातं: शेजारी. तोवर दुपार झाली होती आणि खिडकीत दुसराच कारकून बसला होता. त्याने फॉर्म पाहिला, आवाज खाली आणून विचारलं, "फोटो आणलाय?" धुडकूभाऊंच्या पाकिटात पंधरा वर्षांपूर्वीचा एक फोटो होता, भरघोस काळ्या मिश्यांचा. तो बघून कारकून म्हणाला, "काही वय नव्हतं." धुडकूभाऊंना वाटलं, आपण पंधरा वर्षं जुना फोटो दिला म्हणून हा टोमणा मारतोय. ते ओशाळले. मग कारकुनाने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि फी घेतली नाही. छपाई इस्टेटच्याच माणसाकडून करून घ्यायची असा नियम आहे, तेव्हा तुम्ही काळजी करू नका, उद्या संध्याकाळपर्यंत गेटवर लागेल, असंही सांगितलं. एखाद्या ऑफिसात इतकं आपुलकीने वागवलं गेल्याची धुडकूभाऊंच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. आपण मॅनेजर होणार ही बातमी इथवर पोचलेली दिसते, असं ते धरून चालले.

शनिवारी खातं सुटल्यावर उशिरा तो फ्लेक्स लागला. धुडकूभाऊंनी तो एकट्याने उभं राहून पाहिला. वर ॐ. मध्ये त्यांचा फोटो, एका बाजूला समई, दुसऱ्या बाजूला कमळ. खाली 'धुडकू बडगुजरनुं उठमणुं, सोमवारथी एक महिनो, रोज सवारे नऊथी सवा नऊ.' छापणाऱ्याने आपल्या मनाने एक ओळ घातली होती: लौकिक व्यवहार बंध छे. गुजराती मृत्यूच्या बातमीत ही ओळ ठरलेली असते. घरी भेटायला येऊ नका, असा तिचा अर्थ. धुडकूभाऊंनी अर्थ लावला की मीटिंगमध्ये घरगुती गप्पा मारायच्या नाहीत. ही सूचना त्यांना स्वतःला सुचली नव्हती याचं त्यांना वाईट वाटलं.

रविवारी एक फोन आला असता तरी सगळं तिथेच निस्तरलं असतं. पण चेतनभाईंनी शिबिरातले चार छापील कागद त्यांना दिले होते, आणि त्यात लिहिलं होतं की पुढारी माणसाने मोठ्या कामाआधी एक दिवस मौन पाळावं आणि फोन बंद ठेवावा. धुडकूभाऊंनी दोन्ही पाळलं. शोभाबाईंना नवऱ्याचं मौन इतकं आवडलं की त्यांनी संध्याकाळी पुरणपोळी केली.

इकडे फ्लेक्सचा फोटो मोबाइलवरून खात्याच्या चाळीसही माणसांकडे फिरला होता. लेसच्या मशीनवरचा कुंदन, धुळ्याकडचा, त्याने सहा वेळा धुडकूभाऊंना फोन लावला. फोन बंद. बंदच असणार, म्हणत त्याने डोळे पुसले. घडी विभागातल्या शांताबाई परभणीच्या. त्यांना सगळी बातमी पटली, फक्त 'एक महिनो' एवढंच खटकलं. एका माणसाचं महिनाभर रोज? मग त्याच म्हणाल्या, "सुपरवायझर होता ना. मरूनबी ओव्हरटाइम."

सोमवारी धुडकूभाऊंनी पांढरा शर्ट, पांढरी पँट चढवली. किसनरावांच्या सल्ल्याप्रमाणे वेळ काढायला ते गेटसमोरच्या टपरीवर चहा मागायला गेले. चहावाल्याने त्यांना पाहिलं, उकळता चहा तसाच सोडला आणि टपरीच्या मागच्या बाजूने निघून गेला. धुडकूभाऊंनी पाच मिनिटं वाट पाहिली. गेटवरच्या वॉचमनला त्यांनी नेहमीसारखी मान हलवली, तर तो डोळे मिटून हनुमानाचं नाव घेत बसला, उघडेचना. मॅनेजर होण्याआधीच माणसं अशी बिचकू लागली तर पुढे कसं व्हायचं, या विचारात ते जिना चढले.

वर दारातच त्यांचे पाय थांबले. चाळीसच्या चाळीस माणसं हजर होती. सोमवारी. नऊ वाजता. बावीस वर्षांत हे दृश्य त्यांनी पाहिलेलं नव्हतं. सगळी पांढऱ्या कपड्यांत, अनवाणी, रांगेत उभी. समोर टेबलावर त्यांचाच फोटो, मोठा करून आणलेला, त्याला आठशे चौदा नंबरच्या सोनेरी लेसचा हार. उदबत्त्या दोऱ्याच्या रिळात खोचलेल्या. आणि टेबलाशेजारी चेतनभाई, पांढऱ्या झब्ब्यात, हात जोडून.

धुडकूभाऊ खोक्यांच्या थप्पीमागे सरकले. पहिल्यांदा त्यांना वाटलं, मीटिंग आपल्याशिवाय सुरू झाली. मग त्यांनी फोटोकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं, आणि वर्तमानपत्राचं ते आतलं पान त्यांना अख्खं आठवलं. त्यातल्या छोट्या छोट्या चौकोनांसकट. खोक्यांमागून बाहेर पडावं तर चाळीस माणसांत आयुष्यभराचं हसं, आणि मॅनेजरची जागा गेली ती गेलीच. गुपचूप निघून जावं म्हणून ते जिन्याकडे वळले. तेवढ्यात कुंदन बोलायला पुढे झाला, आणि कुणी आपल्याबद्दल बोलत असताना निघून जाणं कुणाला जमलंय?

"धुडकूदादा वाईट मानूस नव्हता," कुंदन म्हणाला. "मनी माय आजारी व्हती तवय मी चार दिन सुटी मांगी. त्यानी एक दिधी. पन पाचव्या दिनले मी वापस उनू, तं हजेरीमा चारी दिन भरेल व्हतात. मी इचारं, तं म्हने, गप ऱ्हाय."

खोक्यांमागे धुडकूभाऊंनी नाक ओढलं. हे त्यांनाही आठवत नव्हतं.

मग शांताबाई. "लई बोलायचा," त्या म्हणाल्या. "सकाळपून संध्याकाळपर्यंत निस्ता बोलायचा. कान किटायचे. पर डाग पडलेला माल बाजारातून माघारी आला, की सेठाम्होरं म्हनायचा, चूक माझीच हाय. मंग सेठ गेल्यावर आमच्यावर तासभर वरडायचा. पर सेठाम्होरं कवा न्हाई. असा मानूस पुन्यांदा न्हाई भेटायचा." आणि शांताबाई रडल्या. चौदा वर्षांत ज्या बाईशी धुडकूभाऊंचं रोज वाजत आलं होतं, ती बाई पदर तोंडाला लावून रडली.

धुडकूभाऊही रडले. स्वतःच्या मरणाचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

शेवटी चेतनभाईंनी घसा साफ केला. त्यांचा चेहरा उतरलेला होता. आपणच या माणसाला महिन्याची मुदत घातली आणि चार दिवसांत त्याने जीव सोडला, हे त्यांना खात असावं. ते म्हणाले, "धुडकूभाईंसारखा माणूस मिळणार नाही. आज मी सगळ्यांसमोर सांगतो. त्यांना मॅनेजर करायचं मी मनात पक्कं केलं होतं. वडोदऱ्याहून कुणी येणार नव्हतं. जागा धुडकूभाईंचीच होती."

आता हे ऐकून जो गप्प बसेल तो माणूस नव्हे. धुडकूभाऊ खोक्यांमागून बाहेर आले आणि म्हणाले, "मग पत्र कधी देता?"

पुढची दोन मिनिटं नीट कुणालाच सांगता येत नाहीत. तीन बाया खाली बसल्या, एक कटिंग मशीनखाली शिरली. भूत असेल तर विझेल म्हणून कुंदनने हातातली उदबत्ती धुडकूभाऊंच्या तोंडासमोर धरली, विझत नाही म्हटल्यावर त्याला जरा धीर आला. चेतनभाई भिंतीला पाठ लावून उभे राहिले. हलल्या फक्त शांताबाई. त्या सरळ चालत आल्या, धुडकूभाऊंच्या दंडाला करकचून चिमटा काढला, ते ओरडल्यावर मागे वळून म्हणाल्या, "जिता हाय." आणि मग जी सुरुवात झाली ती झालीच. "मेला न्हाई तर सांगायचं न्हाई व्हय? रविवारी दिवसभर रडले मी. पांढरं लुगडं उसनं मागून आनलं. फोन बंद करून काय पुरनपोळ्या खात व्हते?"

धुडकूभाऊंनी खरं ते सांगितलं. बेसणुं नको म्हणून उठमणुं, आणि मीटिंग उभ्याने म्हणून उठमणुं. एकेक शब्द बोलताना त्यांचा आवाज बारीक होत गेला. आधी कुंदन हसला. मग हसू मागच्या रांगेपर्यंत गेलं. माणसं टेबलाला धरून हसली. धुडकूभाऊ लेसच्या हारातल्या आपल्या काळ्या मिश्यांकडे बघत उभे होते, आणि बावीस वर्षांत जेवढी इज्जत कमावली होती तेवढी एकगठ्ठा जाताना बघत होते.

चेतनभाई हसले नाहीत. सकाळपासून त्यांना बाजारातून अकरा फोन आले होते, कारण बाजारात उठमणुं या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, दुकान बंद करून सेठ पळून जाणं. आणि फ्लेक्स होता त्यांच्याच गेटवर. ते म्हणाले, "धुडकूभाई, मी जे बोललो ते... ते गेलेल्या माणसाबद्दल बोललो."

"बोललात ना?" शांताबाई म्हणाल्या. "चाळीस मानसांनी ऐकलं."

"पण परिस्थिती बदलली."

"काय बदललं? व्हता तेवढाच हाय की तो."

चेतनभाईंनी चाळीस माणसांकडे पाहिलं. चाळीस माणसांनी चेतनभाईंकडे पाहिलं. मग त्यांनी तांब्याची बाटली उघडली, दोन घोट घेतले आणि तोडगा काढला. जागा धुडकूभाईंची, पण अट तीच. आज झालं ते धरायचं नाही, आज सगळे मयताला आले होते. उद्यापासून महिनाभर रोज नऊला मीटिंग, उभ्याने. एक दिवस जरी मोडली तरी मावसभाऊ वडोदऱ्याच्या स्टेशनवर तयार आहे. आणि तो फ्लेक्स आत्ताच्या आत्ता उतरवा. फ्लेक्स उतरवायला इस्टेटचा वेगळा फॉर्म लागतो आणि त्याला सात दिवस जातात हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं.

त्या रात्री धुडकूभाऊंना झोप लागली नाही. मेलेल्या माणसासाठी चाळीस जण आले. जिवंत सुपरवायझरच्या मीटिंगला कोण येतंय? आणि आलेच, तर सकाळी सकाळी त्यांचं तोंड पाहून हसायला येतील. शोभाबाईंना त्यांनी विचारलं, त्या म्हणाल्या, "निजा आते," आणि कूस बदलली.

मंगळवारी धुडकूभाऊ पाच मिनिटं उशिरा गेले नाहीत, वीस मिनिटं आधी गेले. हॉल रिकामा. घड्याळाकडे बघत ते मध्यभागी उभे राहिले. पावणेनऊ झाले, नऊला दहा कमी झाले. मावसभावाला 'येस सर' म्हणून बघावं, कसं वाटतं ते, असा विचार करून त्यांनी एकदा हळूच म्हणून पाहिलंही. वाईट वाटलं.

मग जिन्यावर चपला वाजल्या. कुंदन आला, केसांना तेल लावून. त्याच्या मागे चार जण, मग दहा, मग सगळेच. आज पांढरं कुणीच घातलं नव्हतं. बायकांनी ठेवणीतल्या साड्या नेसल्या होत्या, कुणी गजरा माळला होता, पॅकिंगमधल्या एकाने तर गॉगल आणला होता. नऊला सगळे रांगेत उभे. आत काचेच्या केबिनमध्ये चेतनभाई कागद चाळत असल्यासारखं करून इकडे बघत होते.

धुडकूभाऊंनी खिशातून चेतनभाईंचे ते छापील कागद काढले. "तर," ते म्हणाले, "आजचा विषय, लेस विभागात..."

"ऱ्हाऊ द्या ते," शांताबाई म्हणाल्या आणि रांगेतून पुढे आल्या. हिरवीगार साडी, कपाळावर मोठं कुंकू. काल ज्या जागी फोटो होता त्या टेबलाशेजारी येऊन त्यांनी तोंड सगळ्यांकडे केलं आणि पदर सारखा केला. "काल भाऊंचं झालं. आज माझं करा."

"तुमचं काय?"

"उठमनुं. जित्यापनी आयकू द्या की आमालाबी. मेल्यावर काय आयकायचं. उद्या कुंदनचं करा, परवा दुसऱ्या कुनाचं. चाळीस जन हाव, महिन्याला पुरून उरतोय." मागच्या रांगेतून कुणी म्हणालं, मग माझं बुधवारी नको, शुक्रवारी करा, माझी बहीण येणार आहे. लगेच पाळीवरून कुजबुज सुरू झाली.

धुडकूभाऊंनी हातातले कागद घडी करून खिशात परत ठेवले. कुंदनने दोन पावलं पुढे येऊन घसा खाकरला. "आमन्या बाई," तो म्हणाला, "म्हंजे आपला घडी विभागन्या..."

"थांब," शांताबाई म्हणाल्या. त्यांनी मान वळवून काचेच्या केबिनकडे पाहिलं, आणि पुन्हा कुंदनकडे. "आधी नाव घे. शांताबाई मारोती गव्हाने. चौदा वर्सं झाली, आतल्याला अजून ठाव न्हाई. पूर्न घे आन् मोठ्यानं घे."